कमी उजेडाच्या घरात झाडांसाठी दिवा लावताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईतील एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर घर आहे. हॉलला उत्तरेकडे एकच खिडकी आहे आणि तिच्यासमोर काही फुटांवर शेजारच्या इमारतीची भिंत आहे. मनी प्लँटची नवी पाने दिवसेंदिवस लहान येत आहेत, सिंगोनियमची वेल लांब लांब पेरे टाकत खिडकीकडे झुकली आहे आणि तुळस दर पावसाळ्यात मरते. अशा घरात जांभळ्या प्रकाशाचा ‘ग्रो लाइट’ घ्यावा का, घ्यायचा असल्यास किती वॅटचा घ्यावा आणि तो दिवसाला किती तास लावावा, असे विचारले आहे.

घरांतील आणि कार्यालयांतील झाडांची देखभाल करणे हा माझा अनेक वर्षांचा व्यवसाय आहे, आणि हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो. दिव्याने या झाडांचे निश्चित भले होईल. मात्र त्यासाठी जांभळ्या दिव्याची आवश्यकता नाही, आणि वॅटचा आकडा हा विचाराचा शेवटचा भाग आहे. पानावर दिवसभरात एकूण किती प्रकाश पडतो, हे आधी ठरवावे लागते. दिव्याचा प्रकार, त्याचे अंतर आणि तास हे सर्व त्यातूनच निघते.

सुरुवात डोळ्यांपासून करावी लागते, कारण या बाबतीत डोळे आपली दिशाभूल करतात. भर उन्हात बाहेर सुमारे १,००,००० लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) प्रकाश असतो, तर आपल्याला नीट उजळलेला वाटणारा हॉल अनेकदा १०० ते २०० लक्सच्या पुढे जात नाही. हा फरक पाचशे ते हजार पटींचा आहे, पण बाहुली मोठी होते, दृष्टी जुळवून घेते आणि खोलीत ‘चांगला उजेड आहे’ असे आपण मनापासून म्हणतो. पानाला अशी जुळवाजुळव करता येत नाही. ते प्रकाशावर साखर तयार करते आणि स्वतःच्या श्वसनासाठी त्यातली काही साखर चोवीस तास खर्च करते. तयार होणारी साखर खर्चापेक्षा कमी पडू लागली की झाड आधीच्या साठ्यावर जगते, आणि झेडझेड किंवा स्नेक प्लँटसारख्या जाड कंदांच्या, मांसल पानांच्या झाडांत हा साठा कित्येक महिने पुरतो. म्हणूनच ‘अंधारातही छान राहते’ अशी त्यांची ख्याती झाली आहे. प्रत्यक्षात ती झाडे अंधारात वाढत नसतात, अत्यंत सावकाश क्षीण होत असतात.

म्हणून दिवा विकत घेण्यापूर्वी प्रकाश मोजावा, असा माझा आग्रह आहे. बाजारात मिळणारे साधे लक्समीटर उत्तम; ते नसेल तर मोबाइलवरील लक्स मोजणारे ॲपही कामापुरते चालते. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये प्रकाशाचा सेन्सर पडद्याच्या बाजूला, वरच्या कडेजवळ असतो. त्यामुळे फोन पानाच्या जागी, पडदा प्रकाशाकडे करून धरावा आणि आपली सावली त्यावर पडू देऊ नये. फोनचा आकडा अचूक नसतो, पण खिडकीच्या कट्ट्यावर, तिथून तीन फूट आत आणि सोफ्यामागच्या कोपऱ्यात अशी तीन मोजमापे घेतली, तर त्यांच्यातील प्रमाण पुरेसे स्पष्ट होते. कट्ट्यावर २००० लक्स असतील तर सहा फुटांवर ते दोनशेच्याही खाली गेलेले आढळणे अगदी नेहमीचे आहे. खिडकीची लोखंडी जाळी, मच्छरदाणीची जाळी, काळसर काच आणि काचेवरची धूळ यांतील प्रत्येक गोष्ट प्रकाशाचा आपापला वाटा काढून घेते. काच धुणे आणि शक्य असेल तिथे मच्छरदाणीची जाळी दिवसा सरकवून ठेवणे हा पहिला आणि फुकटचा उपाय आहे, आणि तो केल्याशिवाय दिव्यावर खर्च करू नये.

लक्स हे माणसाच्या डोळ्यासाठी बनवलेले माप आहे. वनस्पतींसाठी ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशकणांची संख्या मोजतात. ती एका चौरस मीटरवर, एका सेकंदाला किती मायक्रोमोल अशी सांगतात, आणि दिवसभराची बेरीज मोलमध्ये देतात. मोल हे अशा कणांची प्रचंड संख्या मोजण्याचे एकक आहे आणि मायक्रोमोल हा त्याचा दहा लाखावा भाग. हे मोजणारे यंत्र महाग असते. घरच्या कामासाठी त्याची गरज नाही. नेहमीच्या पांढऱ्या एलईडी दिव्यासाठी लक्सच्या आकड्याला सुमारे ७० ने भागले की मायक्रोमोलचा अंदाज येतो. यावरून मी एकच हिशोब लक्षात ठेवायला सांगतो: पांढऱ्या एलईडीचे १००० लक्स पानावर १२ तास पडले, तर दिवसाची बेरीज साधारण ०.६ मोल होते. मनी प्लँट, सिंगोनियम, ॲग्लोनिमा, पीस लिली, फिलोडेंड्रॉन ही सावलीची झाडे एक-दोन मोलवर टिकून राहतात; तीन-चार मोल मिळाले की समाधानकारक वाढू लागतात. पांढऱ्या पट्ट्यांच्या पानांना याहून अधिक प्रकाश लागतो, कारण पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसते आणि उरलेल्या हिरव्या भागाला सर्व पानाचे पोषण करावे लागते. कमी उजेडात अशा वेलींची नवी पाने हिरवी येत जातात, त्याचा संबंधही प्रकाशाशीच आहे. तुळशीला मात्र किमान १२ मोलच्या आसपास प्रकाश हवा असतो. म्हणजे तुळस आणि मनी प्लँट या दोघांसाठी एकच दिवा, एकाच उंचीवर लावून चालणार नाही, हे इथेच स्पष्ट होते.

आता दिव्याच्या रंगाविषयी. हरितद्रव्य निळा आणि लाल प्रकाश जास्त शोषते, हे आपण शाळेत शिकतो, आणि जांभळ्या दिव्याची सारी जाहिरात त्या एका आलेखावर उभी असते. तो आलेख पानातून काढलेल्या, द्रावणात विरघळवलेल्या हरितद्रव्याचा असतो. अखंड पानाचे वागणे वेगळे असते. के. जे. मॅक्री या संशोधकाने २२ पिकांच्या पानांवर वेगवेगळ्या रंगांचा परिणाम मोजला आणि १९७२ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात हिरव्या आणि पिवळ्या प्रकाशातही प्रकाशसंश्लेषण उत्तम चालते असे दिसले. हिरवा प्रकाश पानात खोलवर शिरतो आणि निळा-लाल प्रकाश जिथे पोहोचत नाही त्या खालच्या थरांना कामाला लावतो. पांढऱ्या एलईडीत मुळात सुमारे ४५० नॅनोमीटरचा निळा दिवा असतो आणि त्याच्यावरील पिवळसर लेप त्यातील बराचसा प्रकाश हिरव्यापासून लालपर्यंतच्या पट्ट्यात बदलतो. म्हणजे झाडाला हवे ते सर्व रंग त्यात आधीपासूनच असतात.

जांभळे दिवे निरुपयोगी आहेत असे मी म्हणणार नाही. बंदिस्त जागेत थरावर थर लावून भाजी पिकवणाऱ्यांना विजेचा प्रत्येक युनिट वाचवायचा असतो, आणि लाल-निळे डायोड त्या हिशोबात बसतात. घरातील हॉलचा हिशोब निराळा आहे. त्या प्रकाशात माणसांना बसवत नाही, आणि मला त्याहून गंभीर वाटणारी अडचण अशी, की त्या प्रकाशात पानाचा खरा रंगच दिसत नाही. पिवळेपणा, कोळी नावाच्या किडीने रस शोषल्याचे बारीक ठिपके, देठाच्या बेचक्यातील पिठ्या ढेकूण हे सर्व जांभळ्या उजेडात लपून राहते आणि कीड पसरल्यावरच कळते. ‘फुल स्पेक्ट्रम’ या शब्दांनाही ठरलेली प्रमाणित व्याख्या नाही. खोक्यावर ‘१००० वॅट’ असे मोठ्या अक्षरांत छापलेल्या दिव्याने प्रत्यक्षात त्याच्या एक दशांशच वीज घेतल्याचे मी मीटर लावून पाहिले आहे. खोक्याच्या मागे बारीक अक्षरांत दिलेली प्रत्यक्ष वीज आणि ल्युमेन (दिव्यातून बाहेर पडणारा एकूण प्रकाश) हे दोनच आकडे वाचावेत. ते दिलेले नसतील तर तो दिवा घेऊ नये.

पांढऱ्या दिव्यातही, केल्विन या रंगछटेच्या मापाने, ६५०० केल्विनचा शुभ्र आणि २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर असे प्रकार मिळतात. शुभ्र दिव्यात निळ्याचे प्रमाण जास्त असल्याने वाढ थोडी आटोपशीर, आखूड पेरांची होते. तरीही हा फरक प्रकाशाच्या एकूण मात्रेपुढे किरकोळ आहे, तेव्हा बसायच्या खोलीत ४००० केल्विनचा, डोळ्यांना सुखाचा वाटणारा दिवा निःशंकपणे घ्यावा.

खरा प्रश्न अंतराचा आहे, आणि बहुतेक घरांत चूक इथेच होते. ‘आमच्याकडे ट्यूब दिवसभर चालू असते, तरी झाड वाढत नाही,’ ही तक्रार मी नेहमी ऐकतो. सुमारे २००० ल्युमेनची २० वॅटची चार फुटी एलईडी ट्यूब छताला लावलेली असेल, तर तिच्याखाली सहा फुटांवर ठेवलेल्या कुंडीला जेमतेम २०० लक्स मिळतात. बारा तासांत त्याची बेरीज ०.१२ मोल होते. एवढ्यावर कोणतेही झाड वाढणार नाही. तीच ट्यूब पानांपासून एक फुटावर आणली की साधारण २५०० लक्स मिळू लागतात, आणि दोन ट्यूब शेजारी शेजारी लावल्या की ५००० लक्सपर्यंत पोहोचता येते. बारा तासांत त्याचे तीन मोल होतात, म्हणजे नेमके सावलीच्या झाडांना हवे तेवढे. ट्यूब लांबट असल्याने तिच्या अगदी जवळच्या टप्प्यात अंतर निम्मे केल्यास प्रकाश साधारण दुप्पट होतो. गोल बल्बच्या बाबतीत तो चौपटीच्या जवळ जातो. म्हणूनच अनेक कुंड्यांच्या रांगेसाठी मी ट्यूबच सुचवतो. तिच्याखाली प्रकाश सारखा पसरतो आणि मधले झाड करपले, कडेचे उपाशी राहिले असे होत नाही.

या घरासाठी मी भिंतीलगत चार फुटी मांडणी सुचवेन. तिच्या वरच्या फळीच्या खालच्या अंगाला दोन २० वॅटच्या ट्यूब, एकमेकींपासून पाच-सहा इंचांवर बसवाव्यात आणि खाली कुंड्या अशा ठेवाव्यात, की पानांचे शेंडे ट्यूबपासून १० ते १२ इंच राहतील. बुटक्या कुंड्यांखाली उलटी कुंडी किंवा वीट ठेवून शेंडे एका पातळीत आणावेत. फळी आणि मागची भिंत पांढरी असू द्यावी. बाजूला निसटणारा प्रकाश त्यामुळे परत पानांवर येतो. अशी ट्यूब विजेच्या साहित्याच्या कोणत्याही दुकानात साधारण २०० ते ३०० रुपयांत मिळते. दोन्ही मिळून ४० वॅट, रोज १२ तास, म्हणजे दिवसाला अर्ध्या युनिटहून किंचित कमी आणि महिन्याला १४ ते १५ युनिट वीज लागते. युनिटला १० रुपये धरले, तरी खर्च महिना १५० रुपयांच्या आत राहतो. एकच कुंडी असेल तर टेबलदिव्याच्या खोलगट टोपीत ९ ते १२ वॅटचा एलईडी बल्ब बसवून तो आठ-दहा इंचांवरून, शक्यतो वरून सोडावा. प्रकाश एका बाजूने आला की खोडाची सावलीकडची बाजू जास्त वाढते आणि झाड दिव्याकडे वळते. सध्या सिंगोनियम खिडकीकडे झुकले आहे ते याच कारणाने.

दिवा टायमरवर लावावा, हे मी जवळजवळ सक्तीने सांगतो. चोवीस तासांचे साधे फिरत्या चकतीचे टायमर मिळतात. सकाळी सात ते संध्याकाळी सात ही वेळ उत्तम, कारण खिडकीतून येणारा थोडाफार उजेड त्याच वेळी त्यात जमा होतो. प्रकाश कमी पडत असेल तर १४ तासांपर्यंत वाढवावेत. त्यापुढे तास वाढवण्यापेक्षा दिवा जवळ आणणे बरे. रात्रभर दिवा ठेवू नये. अंधाराची लांबी ही अनेक वनस्पतींसाठी ऋतूची खूण असते. शेवंती, कलांचो, पॉइन्सेटिया यांना फुलायला सलग लांब रात्र लागते, आणि शेवंतीचे शेतकरी रात्री शेतात दिवे लावून तिचा बहर हवा तेवढा पुढे ढकलतात. आपल्याकडचे ड्रॅगन फ्रूटचे बागायतदार याच तत्त्वाचा उलट उपयोग करतात. त्या झाडाला लांब दिवस हवा असल्यामुळे हिवाळ्यात रात्री एलईडी लावून ते अवेळी फुले आणतात. घरातला कलांचो वर्षानुवर्षे फुलत नसेल, तर हॉलमध्ये रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या दिव्याकडे आधी पाहावे. लोडशेडिंगमुळे दोन-तीन तास दिवा गेला तर काळजी करू नये. दिवसाची बेरीज थोडी कमी होते, एवढेच.

वीज आणि पाणी शेजारी शेजारी येत असल्याने जोडणीकडे विशेष लक्ष द्यावे. एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर किंवा कुंडीच्या ताटलीजवळ कधीही ठेवू नये. तो पाण्याच्या पातळीहून उंच, भिंतीला लावावा. वायर प्लगकडे जाण्यापूर्वी थोडी खाली झोळ देऊन न्यावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी प्लगमध्ये न शिरता झोळातून गळून पडते. घराच्या मुख्य बोर्डात आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर या निमित्ताने जाणत्या वायरमनकडून बसवून घ्यावा. जुन्या इमारतींत अर्थिंगची तार केवळ नावाला असलेली मी पुष्कळदा पाहिली आहे. कुंड्यांना पाणी घालताना आणि पानांवर फवारताना दिवा बंद ठेवावा.

झाडे एकदम पूर्ण प्रकाशात आणू नयेत. अंधारात तयार झालेले पान पातळ असते आणि प्रखर प्रकाशात ते फिके पडते किंवा त्यावर तपकिरी चट्टे उठतात. पहिला आठवडा सहा तास, दुसरा आठवडा नऊ तास आणि मग बारा तास असे चढत जावे. जुनी लहान पाने नंतर मोठी होत नाहीत आणि लांबलेली पेरे आखूड होत नाहीत. परिणाम पाहायचा तो नव्या पानांत, आणि त्याला चार ते सहा आठवडे लागतात. मनी प्लँट आणि सिंगोनियमच्या लांबलेल्या फांद्या या टप्प्यावर पेराखाली कापून टाकाव्यात. कापलेले तुकडे पाण्यात मुळे धरतात आणि मूळ झाड तळातून नव्याने, दाट फुटते. नवी पाने आखडून उभी राहू लागली किंवा वरच्या पानांचा हिरवा रंग उडू लागला, तर ट्यूब चार इंच वर घ्यावी.

पाण्याबद्दल जास्त बोलणे मला आवश्यक वाटते, कारण अंधाऱ्या घरांतील बहुतेक झाडे अखेर पाण्यानेच मरतात. प्रकाश कमी असेल तर झाड पाणी कमी ओढते. कुंडीतील माती आठ-आठ दिवस ओली राहते, मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात आणि पान पिवळे पडते. ते पिवळे पान पाहून घरचे लोक पाणी आणखी वाढवतात. मुंबईच्या पावसाळ्यात हवाच दमट असल्याने हे आणखी लवकर घडते. दिवा लागल्यावर उलट होते: तीच कुंडी पूर्वीच्या निम्म्या दिवसांत सुकू लागते, आणि जुन्या सवयीने पाणी घातले तर कमी पडते. म्हणून वाराप्रमाणे पाणी घालणे सोडून द्यावे. बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे. तिथे ओल लागली तर थांबावे, कोरडे लागले तर कुंडीच्या तळातून निथळेपर्यंत पाणी घालावे आणि ताटलीतील पाणी ओतून टाकावे. खताचेही तसेच आहे. नवी वाढ दिसेपर्यंत कोणतेही खत देऊ नये; ती दिसली की महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत पुरेसे होते. पानांवरची धूळ पंधरा दिवसांनी ओल्या फडक्याने पुसावी, आणि ट्यूबवरचीही, दिवा बंद करून व ती थंड झाल्यावर.

तुळशीविषयी मी वेगळा सल्ला देतो. तिला दिवसाला १२ मोल द्यायचे, तर १४ तास सुमारे १७,००० लक्स प्रकाश पानांवर पडला पाहिजे. वर सांगितलेल्या मांडणीच्या तिपटीहून हा प्रकाश अधिक आहे. एक चौरस फुटावर प्रकाश एकवटणारा, प्रत्यक्ष ३० ते ४० वॅट घेणारा पांढरा दिवा शेंड्यापासून सहा ते आठ इंचांवर टांगला तर हे साध्य होते, आणि ज्यांना घरात तुळस हवीच आहे त्यांनी एवढी तयारी ठेवावी. इमारतीची गच्ची किंवा आवारातील उन्हाचा कोपरा वापरता येत असेल, तर मी तोच पर्याय आधी सुचवेन. दोन कुंड्या कराव्यात: एक उन्हात वाढत राहील आणि दुसरी घरात आठवडाभर राहून परत उन्हात जाईल. मुंबईत जून ते सप्टेंबर ढगांमुळे गच्चीवरही ऊन मिळत नाही, शिवाय सततच्या पावसाने तुळशीची मुळे कुजतात. त्या चार महिन्यांत दोन्ही कुंड्या आडोशाला, दिव्याखाली आणाव्यात आणि त्यांना पाणी निम्म्यावर आणावे. मंजिऱ्या दिसू लागताच खुडाव्यात. त्या बी धरू लागल्या की झाडाची सर्व शक्ती तिकडे जाते, आणि कमी प्रकाशात हा खर्च तुळशीला पेलवत नाही.